दंडापासून घोट्यापर्यंत

मित्रांनो, सौंसरच्या एका घरातल्या लोखंडी कपाटात, जुन्या रजिस्टरांच्या शेजारी माझी जागा आहे. मी रक्तदाब मोजणारे पाऱ्याचे यंत्र. आता माझ्यासारखी यंत्रे फारशी दिसत नाहीत, म्हणून आधी माझे रूप सांगते. एक लांबट लोखंडी पेटी, झाकण उघडले की उभी राहणारी काचेची नळी, नळीत चांदीसारखा चमकणारा पारा, हवा भरायला रबराचा फुगा आणि दंडाला गुंडाळायचा एक कापडी पट्टा. एवढाच माझा संसार.

नागपूरच्या एका सर्जिकल दुकानात माझ्यासारखी दहा-बारा यंत्रे मांडलेली होती. सत्त्याण्णव साली चंद्रकलाबाई तिथे आल्या. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या आणि बोरगावच्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून नुकत्याच लागल्या होत्या. दुकानदाराने समोर तीन यंत्रे ठेवली. बाईंनी तिघांचेही पट्टे पाळीपाळीने स्वतःच्या दंडाला बांधून पाहिले आणि मला उचलले. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर धरून आणले. पारा कलंडू नये म्हणून सबंध वाटभर त्यांनी पाठसुद्धा टेकली नाही.

तेव्हापासून चोवीस वर्षे मी त्यांच्याबरोबर हिंडले. बोरगावच्या आजूबाजूची वाडी नाही, की जिथल्या खाटेवर मी टेकले नाही. कापूस वेचणाऱ्या बायांचे काटक दंड मी ओळखते. पहिलटकरणींचे घामेजलेले, भ्यालेले दंडही ओळखते. एकदा एका गरोदर मुलीचा पारा एकशेसत्तरवर गेला, तेव्हा बाईंनी ट्रॅक्टर अडवून तिला दवाखान्यात पोचवले. ती आणि तिचे बाळ, दोघेही सुखरूप घरी आली. पुढे त्या मुलीची सासू मला पाहून हात जोडायची. माझी हवेची नळी दोनदा बदलली, पट्टा शिंप्याकडून तीनदा शिवून घेतला, दर वर्षी पारा तपासून घेतला. म्हणून वयाने म्हातारी झाले तरी माझा आकडा कधी चुकला नाही. बाई म्हणायच्या, ‘यंत्राचं वय सालावर नाही मोजाचं, त्याले सांभाळलं कसं त्याच्यावर मोजाचं.’

पण एक गोष्ट मी सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. ती माझ्या कौतुकाची नाही.

बाईंचे वडील चिंधूबाबा पांढुर्ण्याला राहायचे. सारा जन्म शेतमजुरीत गेला. बाबा काटक होते, पण कानामागे बीडी नाही असे त्यांना कुणी पाहिले नव्हते. अठ्ठावन्न वर्षांचे झाले आणि त्यांचा उजवा पाय चालताना दुखायला लागला. पोटरीत गोळे यायचे, थांबले की बरे वाटायचे. सगळे म्हणाले, वात आहे. चंद्रकलाबाई दर रविवारी सौंसरहून जायच्या. मला बाबांच्या दंडाला बांधायच्या, आकडा पाहायच्या, गोळी द्यायच्या आणि परत यायच्या. दंडाचा आकडा थोडासाच जास्त असायचा. मी जे होते ते खरेच सांगत होते. पायाचे मला कुणी विचारले नाही.

मग अंगठ्याला जखम झाली. हळद-तेल झाले, लेप झाले. अंगठा काळा पडला. नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला होता. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. पुढे दोन वर्षे बाबा दारातल्या खाटेवर बसून राहिले आणि एका दुपारी गेले. त्यानंतर कितीतरी दिवस बाई मला उघडायच्या, पट्टा हातात घ्यायच्या आणि तशाच बसून राहायच्या. त्यांच्या मनात काय चालले आहे ते मला तेव्हा कळले नव्हते.

वर्षे गेली. उपकेंद्रात बटणाच्या मशिनी आल्या. पट्टा बांधला, बटण दाबले की आकडा दिसतो. पारा विषारी असतो, काच फुटली तर घरात पसरतो, म्हणून आमच्या जातीला कामावरून काढायचे ठरले. ते बरोबरच होते. तरी चार वर्षे कपाटात पडून राहताना मला वाईट वाटले, हे मी लपवणार नाही.

मागच्या भाद्रपदात कपाटाचे दार उघडले. बाईंनी मला बाहेर काढले, पुसले, फुगा दाबून पाहिला. पारा सरसर वर चढला.

झाले होते असे. पोळ्याला बाई भावाकडे पांढुर्ण्याला गेल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ उत्तम हा नगरपालिकेत नळ सोडण्याचे काम करतो. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन तो गल्लोगल्ली फिरतो आणि एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो. वय त्रेपन्न. दोघे बहीणभाऊ नदीपलीकडे सावरगावला एका नातलगाकडे निघाले. पूल यायच्या आत उत्तम दोनदा थांबला. एकदा कुणाशी बोलायला, एकदा पानठेल्यावर बीडी घ्यायला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा कुणी ओळखीचे नव्हते आणि ठेलाही नव्हता. तो नुसताच भिंतीला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला की पोटरी जरा भरून आली आहे.

घरी परतल्यावर बाईंनी भावजयीला, म्हणजे उत्तमच्या बायकोला सरलाला, बाजूला घेतले. सरलाने सगळे सांगून टाकले. उत्तम सहा महिन्यांपासून असेच करत होता. टाकीपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत जायला त्याला दोनदा बसावे लागे. उजव्या पायाच्या बोटाला चप्पल लागली होती, ती जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. कुणाला दिसू नये म्हणून तो मोजे घालून झोपत होता.

बाईंनी भावाला दवाखान्यात चल म्हटले. उत्तमने साफ नकार दिला. वडिलांचा पाय दवाखान्यातच गेला होता, हे तो विसरला नव्हता. त्याच्या हिशेबाने घरच्या रक्तातच हा रोग होता. आजोबाही लंगडत असत असे तो ऐकून होता. जे यायचे ते येणार, त्याला डॉक्टर काय करणार. जितके दिवस पाय आहे तितके दिवस त्याला त्यावर चालायचे होते.

म्हणून पुढच्या रविवारी बाई मला पिशवीत घालून पांढुर्ण्याला गेल्या. उत्तम ओसरीवर बसला होता. मला पाहून तो हसला आणि ही म्हातारी कशाला आणली म्हणून त्याने विचारले. मोठ्या बहिणीला तो ‘बाई’ म्हणतो.

बाई त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. मला उघडून फरशीवर ठेवले.

“हे यंत्र बाबाच्या घरात दर रविवारी येत होतं, उत्तम,” त्या म्हणाल्या. “मी नर्स होती. मी त्याह्यच्या दंडाले बांधलं, पायाले नाही बांधलं. पायाचं पाहावं लागते हे मले तवा कळलंच नाही. बावीस वर्षं झाली, हे मी कोनाले सांगतलं नाही. आता तुह्या पायाले बांधू दे.”

उत्तमने मोजा काढला.

मित्रांनो, इतकी वर्षे मी दंडांवर काढली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला घोट्याच्या वर बांधले गेले. नडगीवरचे केस झडून गेले होते आणि कातडी मेणासारखी तुळतुळीत होती. मला थंडी वाजत नाही, पण बाईंच्या बोटांना वाजली असावी. त्यांनी आधी डाव्या पावलावर बोटे ठेवली; नाडी उडत होती. उजव्या पावलावर ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. घोट्यामागे शोधली. मग कानाला नळ्या लावून ऐकायचा प्रयत्न केला. पायाची नाडी अशी नुसत्या कानांनी नीट कळत नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते भावापासून लपवले नाही. खरे मोजमाप डॉक्टरकडेच होईल, असे त्यांनी सांगितले.

“कापाचं म्हनतीन तं मी उठून येईन,” उत्तम म्हणाला.

“मीच तुले घेऊन येईन,” बाई म्हणाल्या.

सौंसरला मानसी नावाच्या डॉक्टरीणबाईंचा लहानसा दवाखाना आहे. त्यांच्याकडे पेनाएवढे एक यंत्र आहे. ते कातडीवर टेकवले की आतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज बाहेर ऐकू येतो. पण त्याच्या जोडीला हाताने हवा भरायचा पट्टा लागतो. डॉक्टरांकडच्या बटणाच्या मशिनीने उजव्या घोट्यावर तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आकड्याऐवजी चूक दाखवली. हाताने हवा भरायचे, काट्याने आकडा दाखवणारे त्यांचे यंत्र दुरुस्तीला गेले होते. तेव्हा बाईंनी पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी माझा पारा पाहिला, शून्यावर नीट टेकलेला पाहिला आणि मान डोलावली.

आधी दंड. मी सांगितले, एकशेसेहेचाळीस. मग डावा घोटा. पेनातून खळखळ आवाज येत होता. हवा भरली तसा थांबला, सोडली तसा एकशेचाळीसला परत आला. मग उजवा घोटा. आवाज आधीच बारीक होता, दाराआडून कुणी कुजबुजावे तसा. हवा सोडत सोडत पारा एकशेवीसच्या खाली आला, शंभराच्या खाली आला. खोलीत कुणी हलेना. अठ्ठ्याऐंशीवर कुजबुज पुन्हा सुरू झाली.

डॉक्टरांनी कागदावर भागाकार केला. पायाचा आकडा दंडाच्या आकड्याएवढा किंवा थोडा जास्त असायला हवा. इथे तो दहातले सहाच भाग होता. त्यांनी समजावले की मांडीतून खाली जाणारी रक्ताची नळी आतून चिंचोळी झाली आहे. बसलेल्या पायाला तेवढे रक्त पुरते, चालणाऱ्या पायाला पुरत नाही, म्हणून पोटरी ओरडते. उत्तमने ऐकून घेतले आणि आपल्याच धंद्यातला दाखला दिला. जुन्या लोखंडी पाइपात क्षार जमतो. बाहेरून पाइप चांगला चार बोटे जाड, आणि कापून पाहिला तर आत करंगळी जाईल एवढेच भोक. खालच्या वस्तीला मग पाणी चढत नाही. डॉक्टर म्हणाल्या, अगदी तेच.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. माणसाला दोन वये असतात. एक आधार कार्डावरचे, आणि दुसरे त्याच्या शरीराचे. कार्डावर उत्तम त्रेपन्नचा होता, पण त्याच्या पायातल्या रक्तवाहिन्या सत्तरीच्या माणसासारख्या झाल्या होत्या. पहिले वय कुणालाच अडवता येत नाही. दुसऱ्याचा वेग मात्र कमी करता येतो. घराण्यातून धोका येतो हेही खरे होते. पण धोका येणे म्हणजे रोग येणे नव्हे, असे त्यांनी दोनदा सांगितले. मग त्या चंद्रकलाबाईंकडे वळून म्हणाल्या, “ताई, तुम्हीही त्याच वडिलांची मुलगी ना? तुमचा पाय कधी पाहिला?”

माझ्या मालकिणीने छत्तीस हजार दंड मोजले असतील, पण स्वतःच्या घोट्याला मला बांधायचे त्यांना कधी सुचले नव्हते. किंवा सुचले असेल आणि धीर झाला नसेल. त्या म्हणाल्या, आज भावाचे होऊ द्या, माझे नंतर पाहू. तेव्हा उत्तम टेबलावरून उतरला आणि जागा मोकळी करून उभा राहिला. त्याने टेबलावर हाताने थोपटले.

बाई झोपल्या. डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या घोट्याला बसले आणि मनात आले की इतक्या वर्षांत या बाईचे आपण काहीच मोजले नाही. पेनातून आवाज आला, मोट ओतावी तसा भरघोस. दंड एकशेअठ्ठावीस, उजवा घोटा एकशेचौतीस, डावा एकशेछत्तीस. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचे पाय चाळिशीतल्यासारखे होते.

चार दिवसांनी दोघांच्या रक्ताचे कागद आले. कोलेस्टेरॉल दोघांचेही वाढलेले होते, जवळजवळ सारखेच. म्हणजे बापाकडून जे यायचे ते दोघांकडेही आले होते. बहिणीने आयुष्यभर बीडीला हात लावला नव्हता आणि बोरगावच्या वाड्या पायी तुडवल्या होत्या. डॉक्टरांनी गोळी मात्र दोघांनाही दिली आणि बाईंना बजावले की पाय चांगला आहे म्हणून गोळी चुकवायची नाही.

नागपूरला उत्तमच्या पायाची सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की आत्ता कापायचे काही नाही, नळीत तार घालून ती रुंद करायचीही घाई नाही. गोळ्या घ्या, बीडी सोडा, जखम रोज धुऊन कोरडी ठेवा आणि चाला. जखम भरलीच नाही तर मात्र लगेच परत या. चालण्याची रीत थोडी वेगळी होती. दुखायला लागले की चांगले दुखेपर्यंत चालायचे, मग उभे राहायचे, दुखणे थांबले की पुन्हा चालायचे. असे रोज पाऊण तास. उत्तमला वाटले, डॉक्टर थट्टा करतात. ज्या चालण्याने दुखते तेच औषध कसे असेल? पण चालल्याने आजूबाजूच्या बारीक नळ्या मोठ्या होतात आणि पोटरी थोड्या रक्तात जास्त काम करायला शिकते, हे त्याला बाईंनी पटवले. मुख्य लाइन बंद असली की तोही बाजूच्या लाइनीने पाणी फिरवतोच.

पहिल्या आठवड्यात तो एकशेसाठ पावलांवर थांबत होता. पावले सरला मोजायची. बीडीचे मात्र अवघड गेले. दसऱ्यापर्यंत त्याने दोनदा सोडली आणि दोनदा धरली. दुसऱ्यांदा धरली तेव्हा सरला त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा त्याने आपणहून गोष्ट काढली.

“बाई, रक्तातून आलं ते आलं,” तो म्हणाला. “पन बीडी काही रक्तातून नाही आली. लहान असताना बाबा मले चुलीवरून पेटवून आनाले सांगे. मी दोन झुरके मारूनच त्याले देत होतो. थे तं मीच उचलली होती.”

त्यानंतर त्याने बीडी धरली नाही. निदान मी ऐकले तरी नाही.

दिवाळीच्या आत बोटाची जखम भरली. कार्तिकात तो तीनशे पावलांवर गेला. संत्र्याच्या गाड्या भरायला लागल्या, तेव्हा टाकीपासून दुसऱ्या व्हॉल्व्हपर्यंत न थांबता जायला लागला. पौषात बाईंनी त्याला पुन्हा सौंसरला आणले. डॉक्टरांचे काट्याचे यंत्र दुरुस्त होऊन आले होते, तरी उत्तमने हट्ट धरला की मोजायचे तर म्हातारीनेच. मी अगदी ऐटीत घोट्याला बसले. मनात म्हटले, आता शंभराच्या वर आकडा दाखवते.

दंड एकशेबत्तीस. उजवा घोटा चौऱ्याऐंशी.

मी ओशाळले. चार महिन्यांच्या कष्टांना माझ्या नळीत जवळजवळ काहीच जागा मिळाली नव्हती. बाईंचाही चेहरा उतरला. डॉक्टर मात्र हसल्या. पायाचा आकडा दंडाच्या मानाने किंचित सुधारला होता, आणि बहुतेकांचा एवढाच सुधारतो असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी उत्तमला विचारले की आता किती चालता. तो म्हणाला, साडेसहाशे पावले, मग जरा दुखते. डॉक्टरांनी कागदावर माझा आकडा लहान अक्षरात लिहिला आणि पावलांचा मोठ्या अक्षरात. त्या दिवशी मला कळले की माझ्या नळीत मावत नाही असेही पुष्कळ काही माणसात असते. खरे सांगते, मला त्याचे वाईट वाटले नाही.

उत्तमची मुलगी वैशाली पंचवीस वर्षांची आहे. आजोबांना ती फक्त फोटोवरून ओळखते. फोटोत त्यांचा उजवा पाय नाही. बापाचे सगळे पाहून ती एक दिवस आत्याकडे आली आणि आपले रक्त तपासून घ्यायचे म्हणाली. तिचेही कोलेस्टेरॉल थोडे वाढलेले निघाले. ती घाबरली नाही. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचे सांगितले, सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले, आणि तिने ती तारीख मोबाइलमध्ये घालून ठेवली. आजोबांना जे पाय काळा पडल्यावर कळले, बापाला त्रेपन्नाव्या वर्षी कळले, ते या मुलीला पंचविसाव्या वर्षी कळले. आमच्या घरची ही चांगली प्रगती आहे, असे मी म्हणेन.

माझेही आता ठरले आहे. पुढच्या महिन्यात बाई मला पारा जमा करणाऱ्यांकडे देणार आहेत. घरात पारा ठेवणे बरे नाही, हे त्याच सगळ्यांना सांगतात, मग मला अपवाद कसा करतील? त्यांनी हाताने हवा भरायचे काट्याचे एक नवे यंत्र घेतले आहे, आणि डॉक्टरीणबाईंकडून ते आवाजाचे पेन वापरायला शिकल्या आहेत. बोरगावला आता बीडी ओढणारे, मधुमेहाचे, चालताना मध्येच थांबणारे, असे कुणी आले की त्या दंडानंतर घोटाही मागतात. परवा एका आजीने विचारले की बाई, पायालाही बी.पी. असते का. बाई म्हणाल्या, असते.

वैशालीला छिंदवाड्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी ती सौंसरला आली होती, बापही आला होता. ती आधी आत्याच्या पाया पडली, मग बापाच्या. एरवी मुले वाकतात, बोट लावल्यासारखे करतात आणि उठतात. ती उठली नाही. दोन्ही तळवे तिने बापाच्या दोन्ही पावलांवर टेकवले आणि तशीच राहिली. उत्तमने विचारले की काय करून राहिली. ती म्हणाली, “पाहून राहिली, दोन्ही सारखे गरम हायेत का.”

तर मित्रांनो, मी तुमच्याकडून फार मोठे काही मागत नाही. तुम्ही सणावाराला घरच्या मोठ्यांच्या पाया पडताच. पुढच्या वेळी हात लगेच उचलू नका. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार आहे का, बोटाला न भरणारी जखम आहे का, ते बघा. चालताना ते कुठे कुठे थांबतात ते विचारा. एवढे करायला ना पारा लागतो, ना बटण.